सातवं कलम

बैठक सोसायटीच्या खत-गोदामात.
युरियाच्या रिकाम्या गोण्या अंथरलेल्या,
वास अजून डोळ्यांना झोंबणारा.
वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं
आणि शितोळ्यांची सून इंदूरच्या कॉलेजात शिकली
याचा गावाला कधी नव्हे तो उपयोग होता.

वर लिहिलं : हवामान बदल.
धापूबाईनं विचारलं, कांई लिख्यो?
वाचून दाखवलं.
ती म्हणाली, एवढं लांबण कशाला,
मौसम को माथो फिरी ग्यो, एवढंच मांड.
मी दोन्ही मांडलं, एकाखाली एक.

मग नकाशा. कागद पुरेना, म्हणून फरशीवर खडूने.
इथे नाला, इथून देपालपूरची सडक,
इथे ते वळण, जिथे तीन वर्षं ओळीने
कापणीला आलेलं सोयाबीन
पावसात भिजून शेंगेतच उगवलं.
मांगीलालनं त्या जागेवर पाय नाही ठेवला,
वळसा घालून पलीकडे गेला.
खडूचीच तर रेघ होती.

इशाक पटेलनं कॅलेंडरांच्या पाठी आणल्या होत्या,
त्याच्या अब्बांपासूनच्या, सुतळीत ओवलेल्या.
जेठात विहिरीचं पाणी किती हात खाली, दर सालचं :
नऊ, नऊ, दहा, नऊ,
मग सतरा.
मग एका साली नुसता ठिपका.
ठिपका म्हणजे काय, कोणी विचारलं नाही.

ठरत गेलं, भांडत भांडत.
रुंद वरंबे, मधून चर, म्हणजे जादा पाणी वाट काढेल.
नुसतं सोयाबीन नको, मध्ये तूर,
कडेला ज्वारी.
ज्वारी पाखरं खातील, सौदानसिंह म्हणाला.
तुझा पोरगा दिवसभर मोबाईल बघतो ना,
तो माळ्यावर बसून बघेल, अंतरकुंवर म्हणाली,
आणि हसता हसता तिनेच सांगितलं
की आजेसासूचा मालवी गहू, ओलीवर येणारा,
तिच्या कोठीत राखेत आहे अजून, एक धडी.
बाफल्यांपुरता ठेवला होता.

सहा कलमं झाली.
सातवं : पहिल्या वर्षी शेत कोणाचं?

पाल चुकचुकलेली ऐकू आली.
करून बघायचं सगळ्यांनाच होतं,
शेजाऱ्याच्या वावरात.
सौदानसिंहचे चाळीस बिघे
बिडी पेटवायला बाहेर निघून गेले.

धापूबाईचा दीड बिघा, नाल्याला लागून.
म्हणाली, माझा घ्या.
पण तिथे प्रयोग लिहिलंयस ते खोड. हंगाम लिही.
प्रयोग फसला की लोक चहा पिऊन घरी जातात.
माझ्या घरी त्या दीड बिघ्याच्याच भाकऱ्या होतात.
बुडालं तर तेवीस घरांनी मला धडी धडी भरून द्यायची.
पिकलं तर बी तेवीस घरांत.

मी खोडलं. कागद फाटेस्तोवर खोडलं.

यावर दोन तास गेले.
धडी गव्हाची की चण्याची,
विधवेला सूट की नाही
(ती स्वतःच विधवा, ती म्हणाली, सूट नको),
आणि बाहेरून परत आलेला सौदानसिंह
सही करताना इतका वेळ पेन झटकत राहिला
की इशाकनं त्याच्यासमोर अंगठ्याची शाई सरकवली.
त्याने सहीच केली.

बावीस सह्या, अंगठे.
तेविसावं घर आमचं.
जमीन नवऱ्याच्या नावे, आणि नवरा मंडीत,
लसणाचा भाव उतरल्यामुळे अडकलेला.
मी त्याचं नाव लिहिलं. खाली माझी सही.

वाटभर वाक्य जुळवत आले.
जेवण झाल्यावर सांगावं, की आधीच.
तुम्हाला न विचारता, असं सुरू करावं,
की धापूबाईपासून.

तो ओसरीवर होता, पाय धुतलेले.
इशाकचा फोन येऊन गेला होता.
मला बसूही न देता त्याने विचारलं,
धडी म्हणजे पाच किलोच ना?
की यांच्यात वेगळी धरतात?